विश्लेषण : देवळं बंद होती, तेव्हा हात जोडले गेले टीव्हीसमोर, ३३ वर्षं जुन्या ‘रामायणा’नं सोलापूरला काय दिलं?

१७ मार्च २०२० रोजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर भाविकांसाठी बंद झालं. त्याच दिवसांत तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर इथलं दर्शनही थांबलं. बाहेरच्या माणसाला ही नुसती देवस्थानांची यादी वाटेल. सोलापुरात मात्र घराघरातलं वेळापत्रक यांच्याभोवती बांधलेलं असतं. गुरुवार आला की अक्कलकोट, मंगळवार-शुक्रवारी तुळजापूर, पौर्णिमेला गाणगापूर, एकादशीला पंढरपूर. एसटीनं सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. ते सगळं एका आठवड्यात बंद पडलं.

त्यानंतर ११ दिवसांनी, २८ मार्चला सकाळी नऊ वाजता, दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका पुन्हा सुरू झाली. पुढच्याच गुरुवारी, २ एप्रिलला रामनवमी होती. ४ एप्रिलला चैत्री एकादशी, आणि पंढरीची चैत्री वारी रद्द झालेली. देवाकडे जाता येत नव्हतं. बैठकीच्या खोलीतला टीव्ही तेवढा सुरू होता.

तेव्हा अनेक घरांत टीव्हीसमोर हात जोडले गेले. काहींनी त्याचे व्हिडिओ केले, काहींनी त्यांची थट्टाही केली. मुकुट घातलेल्या नटासमोर, तेही अर्ध्या आयुष्यापूर्वी पाहिलेल्या नटासमोर, माणसं हात का जोडतात? हा भाबडेपणा म्हणायचा का?

मालिका परत आली कशी?

२५ मार्च २०२० पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागू झाली. चित्रीकरणं थांबली आणि वाहिन्यांकडे दाखवायला नवे भाग उरले नाहीत. लोकांची मागणी असल्याचं सांगत तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी ‘रामायण’ पुन्हा दाखवण्याची घोषणा केली. सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे रोज दोन भाग. ‘डीडी भारती’वर बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’ही सुरू झालं.

‘बार्क’ या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीनुसार पहिल्या शनिवार-रविवारच्या चार भागांना मिळून सुमारे १७ कोटी प्रेक्षक लाभले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शननं जाहीर केलं. हा दावा तेव्हाच वादात सापडला. अमेरिकेतल्या ‘मॅश’ या मालिकेचा १९८३ मधला शेवटचा भाग १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. विक्रम बाजूला ठेवला, तरी ज्या वाहिनीकडे शहरी प्रेक्षकांनी कधीच पाठ फिरवली होती, तिच्याकडे तो एका आठवड्यात परतला, हे खरं.

१९८७ चा रविवार

पहिल्यांदा ही मालिका लागली २५ जानेवारी १९८७ ला. रविवारी सकाळी साडेनऊची वेळ. सुरुवातीला ५२ भागांनाच मंजुरी होती. लोकांचा प्रतिसाद पाहून ती वाढत गेली आणि ३१ जुलै १९८८ ला ७८ व्या भागावर मालिका संपली. चित्रीकरण झालं महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गुजरातमधल्या उंबरगावात.

त्या काळात टीव्ही पाहणं हे कष्टाचं काम होतं. १९८४ मध्ये सरकारनं देशभर कमी क्षमतेचे ट्रान्समीटर उभारण्याचा धडाका लावला होता. काही महिने तर दिवसाला एक या वेगानं. या छोट्या ट्रान्समीटरचा आवाका शहरापुरता आणि आसपासच्या काही किलोमीटरपुरताच. त्याच्या कडेला राहणाऱ्या घरात एकानं पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्यानं खालून ओरडून सांगायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ पडद्यावरच्या मुंग्यांमधून राम दिसायला लागला की आख्खी चाळ त्या एका खोलीत. टीव्हीला हार घालणं, उदबत्ती लावणं, चपला बाहेर काढणं हे देशभर सगळीकडे घडलं. रस्ते ओस पडल्याच्या, लग्नाचे मुहूर्त मागे-पुढे केल्याच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत भरपूर आहेत.

सोलापूरचं १९८७ मात्र थोडं वेगळं आठवलं जातं, आणि त्याला कारण आहे. हे तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर चालणारं शहर होतं. जुनी मिल १९६३ मध्येच बंद पडली होती, पण लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या सुरू होत्या. पाळी होती, पगार होता, रविवार होता. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद झाली आणि तिच्यावर पोसलेली हजारो घरं यंत्रमाग, विडी, रिक्षा, नाहीतर पुण्याच्या गाडीकडे वळली. म्हणजे १९८७ मध्ये तिशीत असलेला जो कामगार दर रविवारी ‘रामायण’ पाहत होता, त्याच्यासाठी ते रविवार हाताला पक्कं काम असतानाचे होते. ही मालिका पुन्हा लागली तेव्हा त्याच्यासमोर राम आला, आणि रामासोबत तो काळही आला. नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण फार हलक्या हातानं वापरतो. गिरणगावात त्याचं वजन निराळं असतं.

२०२० मध्ये हाच माणूस साठीच्या पुढे होता. बाहेर पडू नका असं ज्याला सगळ्यात आधी सांगितलं गेलं, तो.

शेवट माहीत असलेली गोष्ट

टाळेबंदीचा सर्वांत मोठा जाच अनिश्चिततेचा होता. २१ दिवस म्हणता म्हणता ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. यंत्रमाग थांबले. विडी कारखाने बंद झाल्यानं घरी पान-तंबाखू मिळेना, आणि विडी वळून घर चालवणाऱ्या सोलापुरातल्या हजारो बायकांची आठवड्याची मजुरी थांबली. एप्रिलच्या मध्यात शहरात करोनाचा शिरकाव झाला. इकडे पडद्यावर लंकेतलं युद्ध शेवटाला आलं होतं. तिकडे शहरात एकेक पेठ पत्रे लावून बंद होऊ लागली होती. पुढच्या दोन महिन्यांत सोलापूरचा मृत्युदर राज्यात चिंतेचा विषय ठरला.

या सगळ्यात रोज दोन वेळा, ठरलेल्या वेळी, एक गोष्ट पुढे सरकत होती आणि तिचा शेवट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. वनवास १४ वर्षांचा आहे आणि तो संपतो.

मराठी माणसाला यासाठी वेगळा शब्द शोधायची गरज नाही. तो आपल्याकडे आहे: पारायण. गुरुचरित्राचं, ज्ञानेश्वरीचं, स्वामीचरित्राचं पारायण करणाऱ्याला ‘शेवट माहीत असताना पुन्हा का वाचता?’ असं कुणी विचारत नाही. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या वेळी, ठरलेलं वाचायचं. संकटाच्या काळात तर हमखास. टीव्हीच्या भाषेत २८ मार्चला जे सुरू झालं ते ‘पुनःप्रक्षेपण’ होतं. घराच्या भाषेत ते पारायण होतं. सकाळी नऊची वेळ पाळायची, आंघोळ उरकून बसायचं, मधे उठायचं नाही. नव्या मालिकेला हे जमलं नसतं, कारण तिच्यात पुढे काय होईल याची धाकधूक असते. त्या दिवसांत धाकधूक घराबाहेर पुष्कळ होती.

म्हणूनच मालिकेच्या जुनाटपणाचा कुणाला अडथळा झाला नाही. आजच्या पोरांना गेममध्ये याहून भारी स्फोट दिसतात. इथे दोन बाण आकाशात सावकाश एकमेकांकडे येतात, धडकतात आणि विझतात. दरम्यान दोन्ही योद्धे थांबून वर बघत असतात. नातवंडं हसली, आज्या रागावल्या, आणि बऱ्याच घरांत दुसऱ्या दिवशी नातवंडंही नऊ वाजता येऊन बसली.

नटाच्या पाया पडणं नवं आहे का?

अजिबात नाही, आणि सोलापूरला तर ते तीन भाषांतून ठाऊक आहे.

मराठीतलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे विष्णुपंत पागनीस. ‘प्रभात’च्या १९३६ मधल्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात त्यांनी तुकोबांची भूमिका केली. त्याआधी ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. चित्रपट वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा झाला. १९४३ मध्ये पागनीस गेले, पण आज भिंतीवर तुकोबांचं चित्र पाहताना आपण बऱ्याचदा त्यांनाच पाहत असतो.

त्याहून बोलकं उदाहरण शाहू मोडक यांचं. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या नटानं पडद्यावर कितीतरी वेळा कृष्ण साकारला आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरही. प्रेक्षकानं त्यांचा धर्म विचारला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा विणकर समाज मोठा आहे. तेलुगू घरात कृष्ण म्हटलं की आठवतात एन. टी. रामाराव: १९५७ च्या ‘मायाबाजार’मधला कृष्ण, १९६३ च्या ‘लवकुश’मधला राम आणि १९८३ मध्ये थेट आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री. कन्नड घरात तीच जागा राजकुमार यांची. ‘बेडर कण्णप्पा’मधला शिवभक्त आणि पुढे राघवेंद्र स्वामी त्यांनीच साकारले. त्यामुळे १९८७ मध्ये अरुण गोविल नावाचा हिंदी नट राम म्हणून आला, तेव्हा या शहराला नटात देव बघायचं नव्यानं शिकावं लागलं नाही. फक्त चेहरा नवा होता.

लोकांना नट आणि देव यांतला फरक कळत नाही, असं समजणं चूक आहे. दारासिंग हे कुस्तीगीर आहेत, हे कुस्तीवेड्या सोलापूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मंथरा झालेल्या ललिता पवार हिंदी सिनेमातल्या खाष्ट सासू म्हणून घरोघरी परिचित होत्या. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर. ‘सांगत्ये ऐका’पासून तमाशापट गाजवलेल्या या अभिनेत्रीला मराठी प्रेक्षक कसा विसरेल? दशरथ झालेले बाळ धुरी हे खऱ्या आयुष्यात त्यांचे पती, हेही अनेकांना ठाऊक होतं. वसिष्ठ झालेले सुधीर दळवी त्याच्या दहा वर्षं आधी, १९७७ मध्ये, ‘शिर्डी के साईबाबा’मधले साईबाबा होऊन गेले होते. सगळं माहीत असूनही लोक हात जोडत होते.

कीर्तनात काय होतं ते पाहिलं की हे उलगडतं. कीर्तनकार शेजारच्या गल्लीतला असेल, सकाळी त्याच्याशी भाजीवरून हुज्जतही झाली असेल. पण तो नारदाच्या गादीवर उभा राहिला की त्याच्या गळ्यात हार पडतो आणि म्हातारी माणसंही त्याच्या पाया पडतात. नमस्कार गादीला असतो. कीर्तन संपलं की तो पुन्हा शेजारी.

अडचण इथून पुढे सुरू होते

कीर्तनकार गादीवरून उतरतो. टीव्हीवरच्या नटाला उतरता येत नाही.

अरुण गोविल ‘रामायणा’आधी हिंदी सिनेमातले उभरते नायक होते. राजश्रीचा ‘सावन को आने दो’ (१९७९) चांगला चालला होता. ‘रामायणा’नंतर त्यांच्याकडे तशा भूमिका घेऊन कुणी येईना. सिगारेट ओढताना पाहून एका माणसानं आपल्याला कसं खडसावलं आणि त्यानंतर आपण सिगारेट कशी सोडली, हा किस्सा त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितला आहे. किस्सा गोड आहे, पण जरा दुसऱ्या बाजूनं पाहा. एका माणसाला तिशीत मिळालेली भूमिका पुढची तीन दशकं चोवीस तास करावी लागली. २०२२ मध्ये विमानतळावर एका महिलेनं त्यांच्या पायावर डोकं टेकल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यात त्यांच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा स्पष्ट दिसतो.

आपला मराठी कृष्णही यातून सुटला नाही. ‘महाभारता’त कृष्ण साकारणारे नीतीश भारद्वाज शिक्षणानं पशुवैद्य. पुढे त्यांनी ‘पितृऋण’सारखा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. तरी आजही त्यांचं नाव निघालं की लोकांना आधी मोरपीस आठवतं.

ही श्रद्धा मतपेटीपर्यंत पोहोचली, हेही नोंदवायला हवं. १९९१ मध्ये सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून, दोघंही भाजपच्या तिकिटावर लोकसभेत गेले. १९९६ मध्ये भारद्वाज जमशेदपूरमधून निवडून आले. २०२४ मध्ये गोविल मेरठमधून जिंकले, साडेदहा हजारांच्या आसपास मतांनी. रामाला एवढ्या थोड्या फरकानं विजय मिळावा, यातच मतदार नट आणि देव यांत फरक करतो याचा पुरावा आहे, असं म्हणता येईल. या मालिकेनं राममंदिर आंदोलनासाठी वातावरण तयार केलं का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. अरविंद राजगोपाल यांचं २००१ मधलं पुस्तक याच विषयावर आहे. प्रार्थनेच्या भावनेनं जे पाहिलं जातं त्याचा राजकारणाला उपयोग होतो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण घरात हात जोडून बसलेल्या प्रत्येकाला त्यावरून एकाच रांगेत उभं करणंही बरोबर नाही.

२०२० मध्येही मालिकेवर टीका झाली आणि ती रास्त होती. लाखो मजूर पायी गावाकडे निघालेले असताना केंद्रीय मंत्र्यांनी स्वतःचा टीव्ही पाहतानाचा फोटो ट्वीट केला. संताप उसळल्यावर तो काढून टाकावा लागला. ज्याच्या डोक्यावर छप्पर आणि घरात टीव्ही आहे, त्यालाच हा दिलासा मिळणार होता.

सगळी श्रद्धा देवाचीच असते असं नाही

मराठी प्रेक्षकाचं दुसरं पारायण आहे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ मध्ये ‘अल्फा मराठी’वर सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. ना मुकुट, ना बाण. एक आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि रोजच्या कटकटी. आबांची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीलाही पोहोचले नव्हते. हेच प्रभावळकर २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले. मोबाइलवर ‘टिपरे’चे जुने भाग लावून झोपणारी मंडळी आजही भेटतात. घरात भांडण झालं तरी रात्रीच्या जेवणाला सगळे एका टेबलावर बसतात, एवढाच त्यातला चमत्कार. ज्यांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर परदेशात आहेत, अशा घरांना तेवढाही पुरतो.

जे पडद्यावर होते आणि घरात नव्हते

मालिका पुन्हा लागली तेव्हा तिच्यातले अनेक चेहरे हयात नव्हते. भरत झालेले मराठी अभिनेते संजय जोग १९९५ मध्येच, चाळिशीत गेले. ललिता पवार १९९८ मध्ये, स्वतः रामानंद सागर २००५ मध्ये, जयश्री गडकर २००८ मध्ये, दारासिंग २०१२ मध्ये. पडद्यावर मात्र ते सगळे जसेच्या तसे होते. भरत पादुका डोक्यावर घेऊन निघतो, तो प्रसंग २०२० मध्ये पाहणाऱ्या कित्येकांनी पहिल्यांदा तो आई-वडिलांच्या शेजारी बसून पाहिला होता.

त्याच एप्रिलमध्ये अरविंद त्रिवेदी यांचा एक व्हिडिओ समोर आला. ऐंशी ओलांडलेले त्रिवेदी घरात खुर्चीत बसून ‘रामायण’ पाहत आहेत. पडद्यावर सीताहरण सुरू आहे, म्हणजे रावणाच्या वेषात तेच आहेत. ते बघता बघता खुर्चीतले त्रिवेदी हात जोडतात. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आषाढीला पंढरपुरात

‘रामायण’ १८ एप्रिलला संपलं, त्यानंतर उत्तर रामायणही दाखवून झालं. देवळं बंदच होती. ३० जूनला संतांच्या पालख्या आणि पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एसटीच्या फुलांनी सजवलेल्या बसमधून पंढरपुरात आल्या. वाटेवर वारकरी नव्हते. १ जुलैच्या पहाटे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते विठ्ठलाची शासकीय महापूजा झाली. पंढरपुरात संचारबंदी होती. त्या वर्षी आषाढीचा विठ्ठल सोलापूरकरांना दिसला तो टीव्हीवर, पंढरपूरपासून ७० किलोमीटरवर बसून.

मंदिर १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, तेही फक्त मुखदर्शनासाठी. लांबून पाहायचं, हात जोडायचे, पुढे सरकायचं. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडलं, तरी नियम तोच. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला मिळालं ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी.